जवळ जाणारा उंदीर

लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी नातेवाइकांना सांगत असे, की माझी बायको उंदरांची भांडणं लावून पगार घेते. सुमेधा चिडायची, पण त्यात खोटं काहीच नव्हतं. पाषाणच्या टेकडीमागे तिची मेंदूतल्या रसायनांवर काम करणारी संस्था होती. तिथे अंगापिंडाने थोराड, तापट असे पांढरे उंदीर एकेकटे पिंजऱ्यात ठेवलेले असत. अशा एकाच्या पिंजऱ्यात मुठीत मावेल एवढा काळा उंदीर सोडायचा. पांढरा त्याला पाडायचा, चावायचा, कोपऱ्यात रेटायचा. काही मिनिटांनी दोघांच्या मध्ये जाळी सरकवायची. आता चावता येत नाही, पण दिसतं, वास येतो. दिवसभर तसंच शेजारी राहायचं. दुसऱ्या दिवशी काळा तोच, पांढरा नवा. आठ-दहा दिवसांत काळा उंदीर खचून जातो. साखरेचं पाणी ठेवा की साधं, त्याला सारखंच. अंग चाटून साफ ठेवत नाही. माणसाच्या नैराश्याशी हे बरंच जुळतं, म्हणून औषधं आधी अशा उंदरांवर पारखून बघतात.

मी वैधमापन खात्यात निरीक्षक होतो. दुकानदारांचे काटे, सोनारांची वजनं, पेट्रोल पंपांची मापं तपासायची आणि शिक्का मारायचा, यात माझी सगळी नोकरी गेली. तेव्हा साहजिकच मी विचारलं होतं, "उंदीर खचलाय हे मोजता कसं?"

"सोपं आहे," सुमेधा म्हणाली होती. "एक उघडं खोकं घ्यायचं. एका टोकाला जाळीच्या डब्यात अनोळखी पांढरा उंदीर ठेवायचा आणि काळ्याला खोक्यात सोडायचं. मार न खाल्लेला उंदीर चौकस असतो, तो जाळीपाशी जाऊन हुंगतो. मार खाल्लेला लांबच्या कोपऱ्यात बसून राहतो. जाळीपाशी किती वेळ गेला ते कॅमेरा मोजतो. वेळ कमी म्हणजे आजारी, वेळ वाढला म्हणजे औषध लागू पडलं."

मला हे माप पटलं. काटा स्वच्छ होता, कुणालाही वाचता येईल असा. माझ्याकडे आला असता तर मी डोळे झाकून शिक्का मारला असता.

गंमत पुढेच होती. तेवढाच मार खाल्लेले काही काळे उंदीर, साधारण तिनातला एक, कोपऱ्यात बसतच नसत. जखमा त्याच, पण सरळ जाळीपाशी जात. प्रयोगशाळेत त्यांना 'खंबीर' म्हणत. या खंबीर उंदरांच्या मेंदूत वेगळं काय घडतं ते शोधण्यात सुमेधाची उमेदीची वर्षं गेली. मेंदूच्या मध्यभागी डोपामाइन सोडणाऱ्या पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. खचलेल्या उंदरात या पेशी नको तितक्या वेगाने धडधडत राहतात, आणि त्या धडधडीतून 'इथून लांब राहा' एवढं एकच त्याच्या मनावर ठसतं. खंबीर उंदरात आतला रेटा त्याहूनही मोठा असतो, पण तिथल्या पेशी पोटॅशियम बाहेर सोडणारी जादा दारं उघडतात आणि धडधड पुन्हा ताळ्यावर येते.

"म्हणजे कुकरची शिट्टी," मी म्हणालो.

"शिट्टी नाही रे, ती आयनांची... बरं, शिट्टी म्हण. तुला तेवढं पुरे."

तिच्या गटाने ती दारं उघडून धरणारा रेणू तयार केला. तो दिल्यावर खचलेले उंदीर झाडून सगळे कोपरा सोडून जाळीपाशी आले. त्या दिवशी सुमेधाने अख्ख्या मजल्याला पेढे वाटले. एका कंपनीने रेणूचे हक्क घेतले, माणसांवरच्या चाचण्या पार पडल्या आणि जिभेखाली ठेवायची एक पातळ पट्टी बाजारात आली. नाव ठेवलं 'उभारी'. जुन्या गोळ्यांचा गुण यायला महिना जायचा, हिला आठवडा पुरायचा. अंथरूण धरलेली माणसं उठून कामाला लागली. परीक्षेच्या धास्तीने जेवण सोडलेली मुलं पेपर देऊन आली. मोठमोठ्या ऑफिसांत चहाच्या मशीनशेजारी उभारीचे डबे दिसू लागले. त्याच सुमाराला मनगटावर बांधायचे पट्टेही निघाले होते. ते घामातली रसायनं वाचून मनाची स्थिती सांगायचे, हिरवी, पिवळी किंवा लाल. उभारी घेणाऱ्याचा पट्टा कायम हिरवा असायचा.

आमची एकुलती एक मुलगी ऋजुता नाशिकला दिली होती. जावई कौस्तुभ गुप्ते, बांधकामाचं स्वतःचं ऑफिस, गोड बोलणारा, येता-जाता पाया पडणारा. नात रेवा वर्षाचीही नव्हती, तेव्हा ऋजुता तिला घेऊन न कळवता पुण्याला आली. केस विंचरलेले नव्हते. ताटात वाढलेलं तसंच राहायचं. रेवा रडली तरी ही भिंतीकडे बघत बसायची. आणि कौस्तुभचा फोन वाजला, की मागच्या बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या पलीकडे जाऊन उभी राहायची.

"काय झालंय? भांडलात का?" सुमेधाने विचारलं.

"नाही."

"मग?"

"मला तिकडे जायला नको वाटतं, आई."

"का पण?"

"काही नाही. असंच."

त्यापुढे एक अक्षर तिच्या तोंडून निघेना. मी सुमेधाला बाजूला घेऊन विचारलं, "तो हात-बित उचलत नसेल ना?"

"मी विचारलं तिला. नाही म्हणाली. आणि कौस्तुभ? काहीतरीच तुझं."

कौस्तुभ रोज फोन करायचा. "आई, ती माझ्याशी बोलतच नाही हो. माझं काही चुकलं असेल तर कान धरा माझा, पण तिला बरं करा. तुम्हीच करू शकता." सुमेधा मनाशी लक्षणं मोजायची. भूक नाही, झोप नाही, बाळात जीव नाही, नवऱ्याला टाळते. जन्मभर जे उंदरांत मोजलं तेच पोटच्या पोरीत दिसत होतं. बाळंतपणानंतरचं नैराश्य, असं ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञानेही सांगितलं आणि उभारी लिहून दिली. पहिली पट्टी सुमेधाने स्वतःच्या हाताने ऋजुताच्या जिभेखाली ठेवली.

आठवड्याच्या आत ऋजुता न्हाली, आरशासमोर उभी राहिली. थालीपीठ मागून खाल्लं, वर आणखी लोणी मागितलं. रेवाला पायावर घेऊन न्हाऊ घालताना तिला गुणगुणताना ऐकलं आणि आम्ही दोघं दाराबाहेर श्वास रोखून उभे राहिलो. एका सकाळी तिने आपणहून कौस्तुभला फोन लावला आणि हसून बोलली. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडलो. सुमेधाने डोळे पुसत तिची ओटी भरली, नारळ, तांदूळ, खणाचं कापड, सगळं साग्रसंगीत. कौस्तुभच्या गाडीत बसून मुलगी आणि नात सासरी गेल्या. त्या दिवशी अख्ख्या पुण्यात आमच्याइतकं सुखी कोणी नसेल.

पुढची वर्षं बरी गेली, म्हणजे आम्हाला तसं वाटलं. फोनवर ऋजुता सदा प्रसन्न असायची. रेवा चार वर्षांची होत आली तेव्हा आम्ही थोडे दिवस राहायला म्हणून नाशिकला गेलो. ऋजुताने दार उघडलं, तर तिचा डावा हात प्लास्टरमध्ये.

"कुठे घसरलीस?" मी विचारलं.

"घसरले नाही, बाबा," ती स्वयंपाकघराकडे वळत म्हणाली. "कौस्तुभने दार आपटलं, माझा हात मध्ये होता. म्हणजे त्याने मुद्दामच धरला होता मध्ये. आई, वरणाला लसणाची फोडणी देऊ की नुसतं तूप-जिरं?"

सुमेधा पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली. "मुद्दाम?"

"हो. रागावला होता. त्याच्या मीटिंगचा शर्ट धुवायला पडला होता." एका हाताने ती कोथिंबीर निवडत होती. "उजवा वाचला ते बरं, नाहीतर पोळ्यांचे वांधे होते."

"आधी कधी असं...?"

"अगं, पहिल्यापासून! लग्न झाल्यावर दुसऱ्या महिन्यापासून असेल. पूर्वी मी फार मनाला लावून घ्यायचे. तुमच्याकडे पळून आले होते तेव्हा काय अवस्था होती माझी, आठवतं ना? तुम्हाला सांगितलं आणि त्याला कळलं तर तो काय करेल, या भीतीने तोंड उघडत नव्हतं. आता काहीच वाटत नाही. खरंच आई, तुझ्या औषधाला तोड नाही."

हे ती मनापासून, कौतुकाने म्हणाली. मनगटावरचा पट्टा हिरवागार होता. मी सुमेधाकडे बघायचं टाळलं.

तेवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला. रेवा हॉलमध्ये चित्र रंगवत होती. तिने खडू टाकला, आतल्या खोलीत पळाली आणि कॉटखाली शिरली. मी गुडघे टेकून वाकलो. ती भिंतीला पाठ लावून, मांडीवरच्या बाहुलीच्या तोंडावर हात दाबून बसली होती.

"बाहेर ये बाळा. बाबा आलाय."

"हळू बोल ना आजोबा," ती कुजबुजली. "हिला रडू येईल."

कौस्तुभ आत आला आणि आमच्या पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले. त्याच्या ते लक्षात आलं. तो हसला आणि "प्रवास नीट झाला ना?" म्हणाला. मी आयुष्यात कुणावर हात उचललेला नाही, पण त्या क्षणी माझी मूठ वळली होती. वळली आणि तशीच राहिली, कारण ऋजुता त्याच्या हातातली बॅग घ्यायला हसतमुखाने पुढे झाली होती. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेल्यावर आम्ही तिच्यापुढे पदर पसरला. चल आमच्याबरोबर, आत्ता चल. ती म्हणाली, "पण कशासाठी?" आणि तिला खरंच कळत नव्हतं.

पुण्याला परत आल्याबरोबर सुमेधा संस्थेत गेली. दुपारी घरी आली ती चपला न काढता ओट्याला टेकून उभी राहिली.

"जाळी काढून पाहिली," ती म्हणाली.

"कसली जाळी?"

"खोक्यातली. आमच्या त्या परीक्षेत पांढरा उंदीर कायम जाळीच्या आत असतो, मुकुंद. जनावराला उगाच इजा नको म्हणून तसा नियमच आहे. त्यामुळे जवळ जाणाऱ्याचं काही बिघडत नाही. आम्ही त्याला बरा झाला म्हणतो आणि पुढच्या पिंजऱ्याकडे वळतो. उभारी दिलेल्या उंदरासमोरची जाळी इतक्या वर्षांत कुणी एकदाही काढली नव्हती. मी आज काढली."

"मग?"

"गेला जवळ. चावा बसला. थोडा मागे सरला, अंग झटकलं आणि परत गेला. परत चावा. शेवटी मी पांढऱ्याला उचलून बाहेर काढलं, नाहीतर त्याने जीवच घेतला असता. आणि औषध न दिलेला होता ना, ज्याला आम्ही आजारी म्हणतो? तो कोपऱ्यात बसला. त्याच्या केसालाही धक्का लागला नाही."

ती तिथेच फरशीवर बसली. "त्याला कळत होतं रे. ऋजूलाही कळत होतं. ते कळणंच मी औषध देऊन काढून टाकलं."

मी तिला पाणी दिलं. मला तिचा भयंकर राग आला होता आणि तिची दयाही येत होती. काट्यावर नेमकं काय ठेवलंय हे आधी बघायचं, हे शिकवण्यात माझा जन्म गेला होता, आणि घरातल्या काट्यापुढे मी मान डोलवली होती.

सुमेधाने कंपनीला सगळं कळवलं. जाळी काढून केलेल्या प्रयोगाला प्राणी-नीती समितीची परवानगी नव्हती, सबब तो विचारात घेता येत नाही, असं उत्तर आलं. ते वाचून ती हसली. ते हसणं मला ऐकवेना.

मग आम्ही नाशिकला संरक्षण अधिकारी बाईंकडे गेलो. घरात मार खाणाऱ्या बायकांच्या तक्रारी बघणं हेच त्यांचं काम. बाई चांगल्या होत्या. आमचं ऐकून घेतलं, दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं.

"काका, मी तुमच्या मुलीच्या घरी जाऊन आले," त्या म्हणाल्या. "त्यांनी मला कांदेपोहे करून घातले. काही म्हणून लपवलं नाही. हात कसा मोडला, त्याआधी काय काय झालं, सगळं सांगितलं. आणि तक्रार करायची नाही म्हणाल्या."

"ती औषधाच्या अंमलाखाली आहे."

"असेल. पण पट्टा हिरवा आहे. हिरव्या पट्ट्याची बाई कोर्टात उभी केली तर समोरचा वकील पहिला तोच दाखवतो. त्रासच झाला नाही म्हटल्यावर न्यायाधीश कशाची दखल घेणार? माझ्याकडे अशा कितीतरी येतात हो. येतात म्हणजे त्यांच्या आया येतात."

"आणि नात?"

"तिला मारतो का?"

"अजून नाही," सुमेधा म्हणाली.

"मग मी तुमच्या 'अजून'वर काय कारवाई करू, ताई?"

दिवाळी तोंडावर आली. फराळाला मदत करायची म्हणून ऋजुता रेवाला घेऊन लवकरच माहेरी आली. हात बरा झाला होता. पाडव्याला कौस्तुभ येणार आणि दोघींना घेऊन जाणार, असं ठरलं होतं. तेवढाच काय तो आमच्या हातात वेळ होता.

सुमेधा म्हणाली, "चाचण्यांच्या वेळच्या कोऱ्या पट्ट्या आहेत माझ्याकडे. दिसायला, चवीला तशाच. आत काही नाही. बदलून ठेवते. भीती परत आली तर ती इथेच राहील."

"तिला न सांगता?"

"सांगितलं तर ती 'कशासाठी?' म्हणेल."

मी म्हणालो, "कर."

सुरुवातीचे काही दिवस काहीच झालं नाही. मग खाली मुलांनी लवंगी लावली तेव्हा चकल्या तळता तळता ऋजुता दचकली. झारा हातातून सुटला. दुसऱ्या दिवशी लिफ्टचं दार वाजलं आणि ती बोलता बोलता गप्प झाली. तिसऱ्या की चौथ्या दुपारी ती करंज्यांचं पीठ मळता मळता थांबली आणि आपल्या डाव्या मनगटाकडे बघत राहिली.

"आई," ती म्हणाली, "त्याने माझा हात मोडला."

जणू ही बातमी तिला आत्ताच कुणी दिली होती. मग ती ओट्याखाली बसली आणि तिचं सगळं अंग कापायला लागलं. "मला परत पाठवू नकोस. आई, मला नाही जायचं तिकडे. मला परत पाठवू नकोस."

"नाही पाठवणार. कध्धी नाही," सुमेधाने तिला कुशीत घेतलं. पिठाच्या हातांनीच दोघी एकमेकींना धरून बसल्या. लेक थरथरताना पाहून बापाला आनंद होतो का कधी? मला झाला. उकळ्या फुटल्या आनंदाच्या. मी लगेच ओळखीच्या वकिलाला फोनही लावला.

पण ती तिथे थांबली नाही. एवढ्या वर्षांची भीती एकदम वसुलीला आली. एकेक प्रसंग तिला पुन्हा दिसू लागला, आणि या वेळी दुखू लागला. खाल्लेलं पोटात ठरेना. न्हाणीघराचं दार लावून घ्यायला ती तयार होईना. नखांनी दंड ओरबाडून काढले. मेंदूतल्या पेशींची दारं इतकी वर्षं औषधाने उघडी धरलेली, ती एकदम मिटली की आत काय होईल याचा अंदाज सुमेधालाही नव्हता. तिने झोपेचं साधं औषध दिलं, डॉक्टरांना घरी बोलावलं. ते म्हणाले, हळूहळू उतरेल, महिने लागतील, धीर धरा. ऋजुता पट्ट्यांवर पट्ट्या जिभेखाली ठेवत होती.

"ही लागत का नाही आई? तूच बनवलंस ना हे? काहीतरी कर ना! दुसरं पाकीट आण!"

शेवटी सुमेधाला राहवलं नाही. तिने खरं ते सांगून टाकलं.

ऋजुताचं कापणं क्षणभर थांबलं. "तू काढून घेतलंस? मला विचारलंही नाहीस?"

"तुला वाचवायला, ऋजू."

"देतानाही तेच म्हणाली होतीस."

ऋजुताने पायांत चपला सरकवल्या आणि ती जिन्याने खाली धावली. मी मागे धावलो, पण बिनचालकाची टॅक्सी दारातच उभी होती. मी काचेवर हात आपटले. आत ती दोन्ही कानांवर हात ठेवून बसली होती. टॅक्सी मला वळसा घालून शांतपणे निघून गेली.

दुपार कलताना ती परत आली. येताना रेवासाठी आकाशकंदील घेऊन आली होती. "इंजेक्शन आलंय आता," ती दमलेल्या आवाजात म्हणाली. "वर्षभराचं. रोजची कटकट गेली." दंडावर टोचल्याचा लहानसा गोल चिकटपट्टा होता. ते परत काढून घेता येत नाही, हे मला सुमेधाने न सांगताही कळलं.

पाडव्याला कौस्तुभ आला. आमच्याच हॉलमध्ये पाट मांडून, रांगोळी काढून ऋजुताने त्याला ओवाळलं. तिचा हात जराही हलत नव्हता. रेवा माझ्या मागे उभी होती, माझी पँट मुठीत धरून.

जेवणानंतर ऋजुता स्वयंपाकघरात आली. मी तिथेच पानं उचलत होतो.

"आई, मी काही रागावले नाहीये हं तुझ्यावर," ती म्हणाली. "एक काम होतं. लहान मुलांसाठी स्ट्रॉबेरीच्या चवीची पट्टी निघालीये ना? तुझ्या ओळखीने चांगला डॉक्टर गाठून दे. रेवा गाडीचा आवाज आला की कॉटखाली जाते गं. मला आता कशाचं काही वाटत नाही, पण तिला वाटतं ना! आई म्हणून बघवत नाही मला."

सुमेधाने तिचे दोन्ही हात धरले. "नाही. तिला घाबरू दे. ऋजू, मी तुझ्या पाया पडते. तेवढं तरी तिच्याजवळ राहू दे."

"आजी असून असं बोलतेस?" ऋजुता हसली, हात सोडवून घेतले आणि करंज्यांचा डबा भरू लागली.

निघायची वेळ झाली. रेवाने माझी पँट सोडली नाही. मी कौस्तुभला म्हणालो, "राहू दे हिला इथे थोडे दिवस."

"शाळा सुरू होईल हो तिची, बाबा."

मी रेवाला घट्ट धरलं. "मी सोडणार नाही तिला."

"मग मला पोलिसांना बोलवावं लागेल," तो आवाज न चढवता म्हणाला. "बापाची मुलगी बापाला देत नाहीत म्हणून. सणासुदीचं बरं दिसेल का ते?"

ऋजुता पुढे आली. तिने माझी बोटं एकेक करून उलगडली. "काय हो बाबा, लहान मुलासारखं!" तिच्या हातात चांगली ताकद होती. रेवा रडली नाही. गाडीत बसताना तिने डोळे मिटून घेतले. माझ्यासारखा नालायक आजोबा दुसरा नसेल.

आम्ही वकील केला. नातीचा ताबा मागणारा अर्ज केला. तारीख लांबची मिळाली. सुमेधाने ओळखीच्या प्रत्येक बालरोगतज्ज्ञाला फोन करून सांगितलं, ही मुलगी आली तर पट्टी लिहून देऊ नका. पण नाशिकमध्ये काय एकच डॉक्टर आहे?

एका रविवारी सकाळी आमचा फोन वाजला. ऋजुताचा नंबर, पण आवाज रेवाचा होता. मी फोन स्पीकरवर टाकला.

"आजोबा! मी आता घाबरत नाही."

"अरे वा. कुणी सांगितलं?"

"आईने. मी रोज स्ट्रॉबेरी खाते. गिळायची नाही हं, जिभेखाली विरघळू द्यायची."

सुमेधा भाजी चिरत होती. विळीवरून उठून ती माझ्याजवळ आली.

"कॉटखाली नाही ना जात आता?" मी विचारलं.

"छे! तिथे झुरळं असतात."

पलीकडे, लांबून, गाडीचा हॉर्न ऐकू आला. एकदा वाजला आणि मग वाजतच राहिला.

"बाबा आला!" रेवा म्हणाली. "चिडलाय. इतका वेळ वाजवला की चिडलेला असतो. मी दार उघडते."

"रेवा, थांब! आईला बोलाव आधी."

"आई अंघोळीला गेलीये. माझा पोचतो आता कडीला हात."

सुमेधाने माझ्या हातातून फोन हिसकावून घेतला. "रेवा, कॉटखाली जा!" ती किंचाळली. "बाळा, ऐक माझं, पळ! कॉटखाली जा! लवकर!"

रेवा खुदकन हसली. "काय गं आजी, घाबरट," ती म्हणाली.

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. मग छोट्या पावलांचा आवाज, दाराच्या दिशेने धावत गेलेला.